परिषदगमनाचे पीकशास्त्र

बीड जिल्ह्यातून हैदराबादला कृषी-इतिहासाच्या परिषदेला जाणे, या विषयाकडे शास्त्रकारांनी दुर्लक्ष केले आहे. सुरपालाने झाडांच्या वैद्यकावर ३२५ श्लोक रचले. पराशराने पाऊस, बैल, नांगर आणि शेणखताचा ढीग यांचे नियम घालून दिले. दारा शुकोहच्या नावावर शेती-बागायतीची फारसी पोथी आहे. पण या तिघांची चर्चा ऐकायला निघालेल्या माणसाने फडक्यात भाकरी किती बांधाव्यात, याबद्दल तिघेही गप्प आहेत. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत लेखन.

प्रथम दिशानिर्णय. निमंत्रणपत्रिकेत हैदराबादला 'दक्षिणेतील महानगर' म्हटलेले असते. नकाशा पाहिला तर ते बीडच्या आग्नेयेला पडते, आणि महसुलाच्या दृष्टीने पाहिले तर ते पिढ्यान्‌पिढ्या वरच्या बाजूला होते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे सरकार, पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य. सारा तिकडे जायचा आणि हुकूम तिकडून यायचे. त्यामुळे पुण्याचा प्रतिनिधी हैदराबादला जातो तो पाहुणा म्हणून. बीडचा जातो तेव्हा जुन्या कचेरीत चकरा मारायला आल्यासारखा दिसतो, आणि दारावरचा सुरक्षारक्षकही त्याला तसाच थांबवतो.

रेल्वेचा दाखला याला पूरक आहे. बीड शहरात रेल्वे यावी म्हणून आजोबांनी निवेदने दिली, वडिलांनी दिली, नातवांनी मोर्चे काढले. अखेर १७ सप्टेंबर २०२५ रोजी, नेमकी मुक्तिसंग्रामदिनी, गाडी आली. आणि ती निघाली अहिल्यानगरकडे. हैदराबादच्या प्रवाशाने नेहमीप्रमाणे परळी गाठावी आणि तिथून लातूर रोड, उदगीर, बीदर, विकाराबाद असे उतरत जावे. निजामाच्या राजधानीकडे पाठ फिरवल्याचा इतका काटेकोर पुरावा इतिहासात क्वचितच मिळतो.

आता निरोप-विचार. एरवी माणूस हैदराबादला निघाला की लोक मोती, बांगड्या किंवा बिस्किटे सांगतात. हैदराबाद गॅझेटच्या आधारे मराठ्यांना कुणबी प्रमाणपत्रे देण्याच्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर एकच वस्तू सांगतात. एस.टी. स्टँडवर चहा घेताना एका मुकादमाने विचारले,

"सर, हैदराबादला निघालाव म्हणं?"

"हो. परिषद आहे, शेतीच्या इतिहासाची."

"मंग त्या गॅझेटात आमच्या पणज्याचं नाव हाय का, तेवढं बघून या की."

गॅझेटात माणसांची नावे नसतात, जिल्ह्याचे वर्णन आणि आकडे असतात, असे त्यांना सविस्तर सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मंजी आमी आकड्यात तरी हावोत का न्हाई?" या प्रश्नाला अजून कोणत्याही परिषदेत उत्तर मिळालेले नाही. शेजारच्या बाकड्यावर बसलेले दुसरे गृहस्थ, जे या वादात पलीकडच्या बाजूचे होते, चहाचा पेला ठेवत हळूच म्हणाले, "आन् सर, न्हाई सापडलं तरी चालंल."

तात्पर्य, बीडचा प्रतिनिधी हैदराबादेत उतरतो तेव्हा त्याला दोन दिशा खेचत असतात. परिषद राजेंद्रनगरला, जिथे कृषी विद्यापीठ आणि भरडधान्य संशोधन संस्था आहे. जुने दफ्तर तार्नाक्याला, राज्य अभिलेखागारात. मध्ये सगळे शहर. लातूरचे, परभणीचे प्रतिनिधीही याच पेचात असतात, चहाच्या वेळी ते एकमेकांना गाठतात आणि सुरपालाबद्दल एक शब्दही न बोलता "तिकडं झेरॉक्स देतेत का?" एवढेच विचारतात.

प्रतिनिधींचे वर्गीकरण हा या शास्त्राचा गाभा आहे. आजवर ते पदावरून केले गेले. ते चुकीचे आहे. हंगामावरून करावे. खरीप प्रतिनिधी उद्घाटनाच्या पहिल्या सरीबरोबर तरारून येतो, पुढच्या रांगेत डोलतो, दीपप्रज्वलनाच्या फोटोत सापडतो आणि पहिला खंड पडताच, म्हणजे पहिला निबंध सुरू होताच, माना टाकतो. रब्बी प्रतिनिधी दुपारनंतर उगवतो. सकाळच्या सत्रात काय झाले हे शेजाऱ्याच्या वहीतून शोषून घेतो आणि तेवढ्या ओलीवर समारोपापर्यंत तग धरतो. हे हिणवण्यासाठी लिहिलेले नाही. मालदांडी ज्वारी दुसरे काय करते? पाऊस सरल्यावर पेरली जाते, काळ्या भारी जमिनीत मुरलेल्या पाण्यावर वाढते, आणि तिच्यावर आमच्या कित्येक पिढ्या जगल्या. बागायती प्रतिनिधी म्हणजे बीजभाषक: त्याला हॉटेल, गाडी आणि समोर पाण्याची बाटली, तीही न मागता. उरला तो कोरडवाहू. तो काचीगुड्याला आतेभावाकडे उतरतो, गाद्या टाकायला मदत करतो आणि रात्री त्याचे बोलणे खातो. "दादा, वावर विकून झालं, आता त्याचा इतिहास ऐकायला आलात होय?" परिषदेतल्या कोणत्याही तज्ज्ञाने इतिहासाचा आरंभबिंदू इतक्या नेमकेपणाने सांगितल्याचे आढळत नाही.

कालविचारही महत्त्वाचा. या परिषदा हिवाळ्यात भरतात. त्याच सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडलेल्या असतात. कोणी कोल्हापूर-सांगलीला, कोणी कर्नाटकातल्या कारखान्यांवर. म्हणजे शेतीसाठी जाणारे आणि शेतीविषयी जाणारे, दोघांचा हंगाम एकच. फरक हिशेबात आहे. तोडणीवाल्याला मुकादमाकडून आधी उचल मिळते आणि ती फेडायला तो जातो. प्राध्यापक आधी स्वतःच्या खिशातून जातो आणि प्रवासभत्त्याच्या बिलामागे वर्षभर फिरतो. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, एकटा गडी गेला तर अर्धा कोयता. या न्यायाने परिषदेतले बहुतेक विद्वान अर्धे कोयते ठरतात. उचल बुडाली तर काय होते हे जिल्ह्याला ठाऊक आहे. बिल बुडाले तर फक्त कटुता येते. ही तुलना इथेच थांबवलेली बरी, कारण पुढे गेल्यास ती विनोदी राहत नाही.

परिषदेचे निबंध कोणते असतात, हेही सांगितले पाहिजे. या विषयाला हैदराबादेत घर मिळाले ते बऱ्याच अंशी एका मराठी माणसामुळे. डॉ. यशवंत लक्ष्मण नेने हे वनस्पतिरोगतज्ज्ञ. भाताचा 'खैरा' रोग जस्ताच्या कमतरतेने होतो, हे त्यांनी पंतनगरला दाखवून दिले. पुढे ते पाटनचेरूच्या इक्रिसॅटमध्ये आले आणि १९९४ मध्ये त्यांनी सिकंदराबादला एशियन ॲग्री-हिस्ट्री फाउंडेशन उभे केले. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातून मिळवून नलिनी साधले यांच्याकडून त्याचे भाषांतर करून घेतले. ते १९९६ मध्ये छापले गेले. दारा शुकोहची पोथीही त्याच संस्थेने इंग्रजीत आणली. आज ज्या 'कुणपजल' नावाच्या द्रवखताची बाटली सेंद्रिय शेतीच्या मेळाव्यात विकायला दिसते, त्याला सुरपालाच्या भाषांतराने दुसरा जन्म दिला. मूळ कृती मांस, चरबी आणि मज्जा उकळून, कुजवून करायची आहे. परिषदेत ती पडद्यावर दाखवली जाते आणि लगेच पुढची सूचना येते: "आता भोजनासाठी पंधरा मिनिटे लवकर सोडत आहोत." रांग त्या दिवशी आखूड असते.

भोजनाविषयी विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण परिषदेतले खरे वाद तिथेच होतात. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि सरकारने ज्वारी-बाजरीला 'श्री अन्न' म्हणायला सुरुवात केली. तेव्हापासून मंडपात एक वेगळे टेबल लागते. त्यावर ज्वारीची बिस्किटे, ज्वारीचा उपमा आणि ज्वारीचे आणखी काहीतरी चौकोनी. बीडचा प्रतिनिधी तिथे उभा राहतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर, गावातला मुलगा टीव्हीवर दिसल्याचा भाव येतो. ओळख पटते, पण हाक मारवत नाही. इकडे गावात खरिपाची ज्वारी सोयाबीन आणि कापसाने केव्हाच उठवली. तिकडे तीच ज्वारी चमच्याने खावी लागते.

तो गुपचूप डबा उघडतो. भाकरी, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, तुरीचे घट्ट वरण. डबा उघडताच आजूबाजूचे विद्वान गोळा होतात (हा नियम निरपवाद आहे), आणि एकेक घास घेत मूळस्थान सांगू लागतात. ज्वारी आफ्रिकेची, सुदानच्या बाजूची. मिरची अमेरिकेची, पोर्तुगिजांबरोबर आली. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. तूर तेवढी आपली. पाच मिनिटांत भाकरी संपते आणि डब्याच्या मालकाकडे उरते ते वरण, म्हणजे जेवढे त्याचे स्वतःचे होते तेवढे.

मग सीताफळ निघते. बालाघाटाच्या डोंगरातले बीडचे सीताफळ. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. फळ मूळचे अमेरिकेतले, असे बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. पण एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅमला भारहुतच्या शिल्पांत सीताफळ दिसले होते, आणि तेव्हापासून हा वाद जिवंत आहे. दगडातले ते फळ सीताफळ, रामफळ की कोणतेतरी कमळाचे बोंड, यावर डी कँडोलसारख्या वनस्पतिशास्त्रज्ञाला पाने खर्चावी लागली. परिषदेत हा वाद निघाला की बीडच्या प्रतिनिधीला निष्पक्ष मत विचारले जाते. तो निष्पक्षपणे बिया थुंकतो.

सर्वांत मोठा त्याग मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. परिषदेचे दिवस हे हुरड्याचे दिवस. गावाकडे गूळभेंडीची कणसे दुधात आलेली असतात, वावरात आगटी पेटलेली असते, कणीस भाजून हातावर चोळून खाल्ले जात असते. आणि त्याच वेळी शेतीचा अभ्यासक बंद दिवाणखान्यात, पडदे ओढून, भाजलेल्या दाण्यांची चित्रे पाहत असतो. ही चित्रे दुय्यम नाहीत. प्राचीन माणूस काय खात होता हे कळते ते बहुधा जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून, कारण कोळसा कुजत नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचे ताम्रपाषाणयुगीन लोक जव पिकवत, हेही अशाच दाण्यांनी सांगितले. म्हणजे कोणाच्या तरी हातून करपले म्हणून इतिहास झाला. या दृष्टीने पाहिले तर आगटीच्या राखेत पडून राहिलेला हुरडा हा बीड जिल्ह्याने भविष्यातील उत्खननासाठी केलेला सर्वांत भरीव तरतुदीचा अर्थसंकल्प आहे. हुरडा पार्टीला गेलेल्यांनी याची जाणीव ठेवावी आणि थोडे दाणे मुद्दाम आगटीत सोडावेत.

पोस्टर-सत्राविषयी एक प्रादेशिक दावा नोंदवून ठेवतो. संशोधन मोठ्या कापडावर छापून भिंतीला टांगायचे, ही पद्धत आधुनिक समजली जाते. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकाच्या संधिकाळात सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद पासोडीवर 'पंचीकरण' लिहिले, तेव्हा पोस्टरची अधिकृत मापे ठरायची होती. आख्यायिकेप्रमाणे त्यांच्या चरित्राची सुरुवातही कृषी-इतिहासाचीच आहे: दुष्काळ पडला, वडिलांना सारा भरता आला नाही, आणि मुलाला बीदरला ओलीस ठेवले गेले. ती थकबाकी पुढे खुद्द दत्तात्रेयाने भरली असे सांगतात. तेव्हापासून मराठवाड्यातला शेतकरी कर्जमाफीची वाट नेमकी कोणाकडे पाहतो, हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. आजचे संयोजक मात्र तीन फुटांपेक्षा मोठे पोस्टर लावू देत नाहीत.

प्रश्नोत्तरांचे सत्र थोडक्यात. आपल्याकडे न्यायशास्त्राने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. परिषदेने पाचवे दिले: "मी स्वतः शेतकऱ्याचा मुलगा आहे." या वाक्यानंतर ना संदर्भ लागतो, ना वेळेचे बंधन राहते. अध्यक्ष घंटी वाजवतात. बोलणारा म्हणतो, एकच मुद्दा. तो मुद्दा १९७२ च्या दुष्काळापासून सुरू होतो. सुकडी, खडी फोडणे, रोजगार हमी, सगळे येते, आणि खरे सांगायचे तर त्या दिवसातले ऐकण्यासारखे तेवढेच असते. पण कार्यवृत्तात त्याची नोंद 'चर्चेत अनेकांनी भाग घेतला' एवढीच होते.

शेवटी पिशवी. निबंध विसरले जातात, प्रमाणपत्र फायलीत जाते, पिशवी मात्र संसाराला लागते. तागाची, दोन बंदांची, वर इंग्रजीत परिषदेचे नाव आणि खाली प्रायोजक खत कंपनी. बीड जिल्ह्यात तिचा पुढचा प्रवास असा: पहिल्या वर्षी तीत सातबाराचे उतारे आणि विम्याच्या पावत्या, दुसऱ्या वर्षी आडतीवर दाखवायचा सोयाबीनचा नमुना, ज्यात ओल जास्त आहे असे आडत्या न पाहताच सांगतो, तिसऱ्या वर्षी पेरणीचा हरभरा, आणि बंद तुटल्यावर ती म्हशीच्या पेंडीजवळ स्थिरावते. तोवर अक्षरांतली 'हिस्ट्री' पुसली जाते, 'ॲग्री' टिकते.

या पिशवीवर पुढील परिषदेत निबंध वाचण्याची परवानगी प्रस्तुत लेखकाने मागितली होती. संयोजकांचे उत्तर तत्परतेने आले. विषय स्वीकारला आहे. वेळ सात मिनिटे. नोंदणी शुल्क परत मिळणार नाही. आणि खर्च वाढल्यामुळे यंदा पिशवी दिली जाणार नाही, सहभागींनी आपापली आणावी.