पेंग्विन, हत्ती आणि माझा खादीचा कुडता

घरी चित्र काढताना मला बनियन चालतो. राणीच्या बागेत बसायचं म्हणजे मात्र खादीचा कुडता लागतो. खांद्याला शबनम, घडीचं स्टूल, तळहाताएवढी जलरंगांची डबी आणि डोक्यावर गवती टोपी. एवढा जामानिमा झाला की खरं तर चित्राची गरज उरत नाही. पण लोक मागे येऊन डोकावतात, तेव्हा कागदावर काहीतरी असलेलं बरं दिसतं. मागे कुणी उभं राहिलं नाही तर मला राग येतो, आणि राहिलं तर हात कापतो.

परवा गोरखचिंचेसमोर ठाण मांडलं. झाड मूळचं आफ्रिकेतलं, बुंधा लग्नातल्या आचाऱ्यासारखा. काढायला सोपं आणि लांबूनही ओळखू येणारं. पण डोकवायला कुणी येईना. सगळी वरात पेंग्विनकडे. 2016 साली ते हम्बोल्ट पेंग्विन इथे आले आणि आमची गिऱ्हाइकं गेली. तिकडे एसी आहे, इकडे मी घामाघूम. शेवटी स्टूल उचललं आणि भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी, दगडी हत्तीसमोर जाऊन बसलो. तिथे निदान जाणकार मंडळी भेटतात.

हत्तीचं निघालंच आहे तर सांगून टाकतो; घरी हा विषय काढायला मला बंदी आहे. हा हत्ती घारापुरीचा, एका अखंड दगडातला. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं ते याच्यामुळे. 1864 मध्ये इंग्रजांनी याला विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना क्रेनने दगा दिला, हत्ती आपटला आणि फुटला. फुटका माल विलायतेला कोण नेतो? धड उचलला गेला असता तर लंडनला, पडला म्हणून इथे भायखळ्याला. 1914 साली तुकडे जुळवून त्याला इथे पुन्हा उभं केलं. बेटाचं नाव अजून एलिफंटाच. काळ्या घोड्याच्या पुतळ्याचंही तेच झालं: नाव फोर्टात, घोडा 1965 पासून या बागेत. नाव एकीकडे आणि जनावर दुसरीकडे, ही मुंबईची जुनी खोड. पण घोड्याकडे वळलो तर संध्याकाळ होईल. सांगायचं एवढंच, की पन्नास वर्षं तुकड्यांत काढलेल्या मॉडेलला माझ्यासाठी तासभर उभं राहणं जड जात नाही.

तेवढ्यात मागे सावली पडली. सात-आठ वर्षांचा मुलगा आणि त्याचे बाबा. मी कुंचला उगाच हवेत धरून, डोळे बारीक करून हत्तीकडे पाहिलं.

“काका, तुमचा हत्ती फुटलाय.”

“असं नाही बोलायचं,” बाबा ओशाळले. “छान काढलाय काकांनी.”

“अहो, तो बरोबर बोलतोय,” मी म्हणालो आणि सोंडेजवळचा सांधा बोटाने दाखवला. मुलगा जवळ गेला, दगडातली ती रेघ लांबूनच हवेत गिरवू लागला.

जुन्या गोष्टी हलवायला निघालेल्यांचा मला मनापासून संताप येतो. क्रेनवाले असोत की झाडाच्या सालीवर किल्लीने बदाम कोरणारे. 2007 च्या सुमारास या बागेचाच कायापालट करायचं घाटत होतं. तेव्हा काही बायका उभ्या राहिल्या. झाडन्‌झाड पाहून त्यांनी नोंदी केल्या, अर्ज-विनंत्या केल्या, वर्षानुवर्षं भांडल्या. आज मी ज्या सावलीत टोपी सावरत बसतो, ती त्यांनी राखलेली आहे. माझ्या चित्रांनी अद्याप एक पानही वाचवलेलं नाही. हे मनात आलं आणि कुडता जरा टोचायला लागला.

मुलगा परत येऊन चित्राकडे टक लावून उभा राहिला. मला भरून आलं. मी कोपऱ्यात सही ठोकली. ती मी बिलांच्या मागे पुष्कळ घोटलेली आहे, तिला चित्रापेक्षा जास्त वळणं आहेत. पान अलगद फाडून त्याच्या हातात दिलं.

“थँक्यू म्हण काकांना,” बाबा म्हणाले.

“थँक्यू. काका, पेंग्विनचं नाहीये का?”