गेल्या आठवड्यात यायला हवं होतं

वाईला होळीच्या आसपास जावं, असं सगळेच सांगतात. होळीच्या आसपास गेल्यावर खरं म्हणजे कधी जायला हवं होतं, हे मात्र फक्त आमचे मामा सांगतात. मामा म्हणजे हिचे मामा, माझे मामेसासरे. कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर जुनं घर, घराला ओटा, ओट्यावर मामा. खंबाटकी उतरून सुरूर फाट्याला वळायचं, वडाच्या जुन्या झाडांखालून वाईत शिरायचं आणि घामाघूम होऊन त्या ओट्यावर टेकायचं. मामी पाण्याचा तांब्या घेऊन अजून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच असते, तोवर मामा माझ्याकडे अपार करुणेने बघत म्हणतात, "जावईबापू, उशीर केलात. गेल्या आठवड्यात यायला हवं होतं."

कशासाठी, ते आपण विचारायचं असतं. नाही विचारलं तरी चालतं.

"पांगारा काय फुलला होता म्हणून सांगू! पसरणीचा घाट नुसता पेटला होता. परवाच्या वाऱ्यात सगळा खाली आला."

"मग पळस असेल की आता?" मी आशेने विचारतो.

"पळस? छे. पळसाला अजून आठ दिवस आहेत. तुम्ही असणार कुठे तेव्हा!"

दोन बहरांच्या मध्ये निसर्गाने ज्या रिकाम्या जागा ठेवल्या आहेत, त्या आमच्या नावावर लिहिलेल्या आहेत. आंब्याचा मोहर गळून कैरी धरायच्या आत आम्ही पोचतो. करवंदीचं फूल संपलेलं असतं आणि करवंदाला वैशाख उजाडायचा असतो. हळद शिजवताना बघावी म्हणून मळ्यात जावं तर काहिली घासून पालथ्या घातलेल्या असतात. नदीला पाणी असावं ही अपेक्षा तर मी फार पूर्वीच सोडली. ते धोमच्या धरणातून सोडतात, आणि ते नेहमी "काल संध्याकाळपर्यंत घाटाच्या या पायरीला लागलं होतं." कुठल्या पायरीला, हे मामा स्वतः खाली उतरून, धोतराचा सोगा सावरत, काठीने दाखवतात. पायरी ओली असते हेही खरं. मामा खोटं बोलत नाहीत, ही त्यातली सगळ्यात त्रासदायक गोष्ट.

हा माणूस एकट्या वाईचा नाही. कासच्या पठारावर तो सप्टेंबरात भेटतो, भंडारदऱ्याला काजव्यांच्या दिवसांत, आणि कोकणात तर रिकाम्या पेटीशेजारी उभा राहून तो चांगला माल काल गेला म्हणून सांगतो. पण कृष्णाकाठच्या हवेत तो जसा पोसतो तसा कुठेच पोसत नाही. कारण इथला वसंत तिथीने चालतो आणि पाहुणे रविवारने. कृष्णाबाईचा उत्सव घ्या. माघात सुरू होतो आणि फाल्गुनातही चालू असतो. सातही घाटांवर पाळीपाळीने, एका आळीचा आटोपला की दुसरीचा. मांडव, कीर्तन, गाणं, प्रसादाच्या पंगती. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी नदीला केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असं सांगतात. इतका लांबलचक उत्सव चुकवणं कुणालाही अवघड जावं. आम्हाला जात नाही. आम्ही पोचतो तो दिवस एका आळीच्या सांगतेचा आणि दुसरीच्या तयारीचा असतो. घाटावर मांडवाचे वासे सोडणारी चार पोरं तेवढी दिसतात.

"काल यायचं होतंत," मामा म्हणतात. "काय गायला तो! आणि पंगतीला आमटी... अहो, ती आमटी घरी होत नाही."

शेवटचं वाक्य मामीच्या कानावर जाईल अशा बेताने म्हटलेलं नसतं, पण जातं.

"अहो, पण मामा, एक फोन करायचा होतात. आम्ही आलो असतो."

यावर मामा जे बघतात, ते बघणं कुणा कलावंतालाही साधणार नाही. "बहर काय कळवून येतो?" असं ते म्हणतात आणि सुपारी कातरायला घेतात. मामांच्या घरी फोन आहे. मोबाइल आहे, त्यात इंटरनेट आहे, आणि त्यावरून रोज सकाळी गुलाबाच्या चित्रासह सुप्रभात येतं. पांगारा फुलल्याची बातमी तेवढी त्यातून येत नाही.

मी पुष्कळ विचार करून याचा उगम मामांच्या नोकरीत शोधला आहे. मामा पाटबंधारे खात्यात होते. कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या लावायचं काम. शेतकरी बांधावरून धावत यायचा, "साहेब, आमचं पाणी?" आणि मामा वहीतून डोकं वर न काढता सांगायचे, "तुमची पाळी गेल्या आठवड्यातच झाली." आयुष्यभर हे एक वाक्य सरकारी पगारावर म्हटल्यावर निवृत्तीनंतर ते फुकटात म्हणायची सवय लागली, तर त्यात नवल नाही. मामीचं मत वेगळं आहे. तिच्या मते लग्नाच्या बोलण्यांतही ते तिच्या वडिलांना म्हणाले होते, "गेल्या महिन्यात आला असतात तर हुंड्याशिवाय केलं असतं." हुंडा मात्र त्यांनी घेतला नाही. मग हे वाक्य कशासाठी, असं मी विचारलं. मामी म्हणाली, "सवय."

पाहुण्यांना हिंडवण्याचा उत्साह मात्र दांडगा. पहिला मुक्काम ढोल्या गणपती. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ बांधलं, आणि नदीचा पूर दुभंगून जावा म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची केली. ही भिंत मामा हात लावून दाखवतात आणि लगेच म्हणतात, "पण याची खरी मजा पुरात. तुम्ही पावसाळ्यात यायला हवं होतं." म्हणजे वसंतात आलेल्या माणसाचा पावसाळाही चुकलेला असतो. मग मेणवली. नाना फडणविसांचा वाडा, वाड्यामागचा देखणा घाट, आणि मेणेश्वराशेजारी टांगलेली ती मोठी घंटा. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर जी लूट आली तिच्यातली ही पोर्तुगीज घंटा. इथे आलं की मामांचा 'गेला आठवडा' हळूहळू लांबत जातो.

"शाहरुख खान आला होता ना 'स्वदेस'च्या वेळी, याच घाटावर, तेव्हा यायला हवं होतं." चित्रपट २००४ चा. मी तेव्हा कुठे होतो, याचा खुलासा मागितल्यासारखे ते माझ्याकडे बघतात.

"आणि वाईत तर्कतीर्थ होते तेव्हा यायला हवं होतं. विश्वकोशाचं काम असं जोरात!"

मग वाड्याच्या भिंतीवरच्या रंग उडालेल्या चित्रांसमोर उभं राहून, आवाज खाली आणून, "नानांच्या वेळी हे रंग बघायचे होते."

नाना फडणवीस १८०० साली वारले. तरीही मला क्षणभर आपलाच काहीतरी हलगर्जीपणा झाल्यासारखं वाटलं, इतकं मामांच्या बोलण्यात वजन आहे.

धोमला नृसिंहाच्या देवळात, कासवावरच्या नंदीपुढे हाच प्रकार. नंदीभोवतीच्या कमळाच्या आकाराच्या कुंडात पाणी भरलेलं असलं की काय दिसतं म्हणे. आम्ही गेलो तेव्हा कुंडाच्या तळाशी एक कुत्रं झोपलं होतं. परतताना भिलारवरून जाऊ म्हटलं. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालं आहे, आणि स्ट्रॉबेरीही तिथलीच. निदान पुस्तकं तरी गेल्या आठवड्यात संपलेली नसतील, असा माझा हिशेब. "पुस्तकं आहेत," मामा म्हणाले, "पण स्ट्रॉबेरीचा पहिला बार गेला. आता जी आहे ती आंबट." ती गोड निघाली. मामांनी दोन खाल्ल्या आणि म्हणाले, "ही गोड म्हणता? याला काय गोडी! तुम्हाला फरक कळायला जानेवारीतली खायला हवी होती."

शेवटी आम्ही एक वर्ष त्यांना गाठायचंच ठरवलं. बावधनचं बगाड. रंगपंचमीला असतं, म्हणजे फाल्गुन वद्य पंचमीला, आणि तिथी काही मामांच्या बापाला हलवता येत नाही. पंचांग बघितलं, आठवड्याच्या मधल्या वारी रजा टाकली, पहाटे चारला पुणं सोडलं आणि उजाडताना कृष्णाकाठी सोनेश्वरला हजर झालो. गर्दीत मामा टोपी घालून उभेच होते. मी विजयी मुद्रेने त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"आलात? छान केलंत," मामा म्हणाले. मी श्वास रोखून धरला. "रात्रीच यायला हवं होतंत. बगाड जोडताना बघायचं असतं. आणि पौर्णिमेला भैरवनाथापुढे बगाड्याचा कौल लागतो, तो तर..."

बाकीचं वाक्य "काशिनाथाचं चांगभलं"च्या आरोळीत बुडालं. बगाड हललं होतं. दगडी चाकांचा तो अवजड लाकडी गाडा, त्यावर आभाळात तिरकं गेलेलं शीड, शिडाच्या टोकाला बांधलेला नवसाचा बगाड्या, आणि पुढे जुंपलेल्या बैलांच्या जोड्याच जोड्या. बैल दमले की वाटेत दुसरे जुंपायचे. हा गाडा रस्त्याने जात नाही, शेतांमधून जातो. ढेकळांवरून चाक चढलं की सगळी माणसं एकदम ओरडतात आणि चाक उतरलं की एकदम गप्प होतात. गुलालाने बैल, माणसं, उसाचे बांध एका रंगाचे झालेले. एक शेतकरी माझ्या खांद्याला धरून म्हणाला, "पावनं, मागं सरा, बैल वळत्यात." मी मागे सरलो, आणि तेवढ्यात माझं मामांकडे लक्ष गेलं.

मामा बगाडाकडे पाठ करून उभे होते. त्यांचं तोंड आमच्याकडे होतं आणि ते हिला मागच्या वर्षीचं बगाड सांगत होते. बैल कसे उधळले, शीड कसं कलंडलं असं वाटलं, ओढ्यापाशी चाक रुतल्यावर दोनशे माणसांनी कसा हात लावला. हातवारे, डोळे मोठे, आवाजात चढउतार. त्यांच्या पाठीमागून यंदाचं बगाड सबंध निघून गेलं. त्यांनी मान वळवली तेव्हा धुरळा उरला होता.

"गेलं वाटतं," ते म्हणाले. जराही वाईट न वाटता.

मला तेव्हा वाटलं की मामांचं पितळ आता उघडं पडलं. पण मी चुकीच्या माणसाकडून पश्चात्तापाची अपेक्षा करत होतो. त्याच रविवारी त्यांच्याकडे मुंबईहून कुणी लांबचे नातेवाईक आले आणि योगायोगाने मीही राहिलेलं सामान घ्यायला तिथे होतो. पाहुण्यांनी ओट्यावर बूड टेकायच्या आत मामा म्हणाले, "चार दिवस आधी यायला हवं होतं. काय बगाड झालं यंदा! विचारा आमच्या जावयांना." आणि त्यांनी यंदाचं बगाड सांगितलं. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. मी जे डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यात इतके बैल नव्हते, चाक इतक्या वेळा रुतलं नव्हतं, आणि त्या शेतकऱ्याने "पावनं, मागं सरा" म्हटलं होतं ते मामांना नव्हे, मला. खरं सांगायचं तर मामांचं बगाड जास्त चांगलं होतं. त्या मुंबईकरांच्या चेहऱ्यावर हळहळ दाटली, आणि तिकडे हातातला चहा निवत चालला होता.

"हे पांगारा-बिंगारा बघायला कधी जातात हो?" मी स्वयंपाकघरात जाऊन मामीला हळूच विचारलं.

"कुठले जातात! धोमकडचा दूधवाला सकाळी सांगतो, हे ओट्यावर बसून ऐकतात." मामीने आधणात पत्ती टाकली. "गुडघे दुखतात त्यांचे. घाट चढवत नाही की उतरवत नाही. पाहुणे आले की मात्र चढतो-उतरतो माणूस."

हे मी हिला सांगितलं नाही. आपल्या मामांनी पांगारा पाहिलेला असतो, अशी तिची श्रद्धा आहे.

पुढे वैशाखात मामा काही कामाने पुण्याला यायचे होते. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक बहावा आहे. त्या वर्षी तो असा लगडला होता की येणारेजाणारे थांबून फोटो काढत होते. मामा येणार त्याच्या आदल्या रात्री वळवाचा पाऊस झाला आणि सकाळी सगळी पिवळाई जमिनीवर पडली. एरवी मला वाईट वाटलं असतं. मी आनंदाने आंघोळ उरकली. रिक्षा थांबली, मामा उतरले, काठी टेकत फाटकातून आत आले. मी पुढे होऊन नमस्कार केला, सुस्कारा टाकला आणि इतकी वर्षं जपून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "मामा, उशीर केलात. गेल्या आठवड्यात यायला हवं होतं."

मामांनी वर बहाव्याकडे पाहिलं, खाली पाकळ्यांकडे पाहिलं.

"गेल्याच आठवड्यात आलो होतो," ते म्हणाले. "काय फुलला होता! तुमच्या दाराला कुलूप होतं."

वॉचमनने मान डोलावली.