ताजं म्हणजे कधीचं?

दिवेआगर हे ‘कोळ्यांचं शांत गाव’ आहे, हे मला पाहुण्यांकडून कळलं. आमच्या तीन पिढ्या सुपारीच्या वाडीला शिंपणं करण्यात गेल्या. मासळीची पाटी यायची ती भरडखोलहून. पण दोन खोल्या भाड्याने द्यायला लागल्यापासून मीही संध्याकाळी समुद्राकडे बघून अनुभवी चेहरा करतो.

शांतता हवी म्हणून मंडळी येतात ती शनिवारी, सगळी एकदम आणि स्पीकर घेऊन. सुरूच्या बनातून गाडी थेट वाळूत घालतात. भरती चढू लागली की चाक जागच्या जागी गरगरतं, मग ट्रॅक्टरवाला दर सांगतो. ओहोटीचा वेगळा, भरतीचा वेगळा. सकाळी नारळाच्या दहा रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस तेव्हा मुकाट पाकीट काढतो.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळाने वाड्या आडव्या केल्या. सुपारी लावून ती धरायला पाच-सात वर्षं, खोली बांधायला पाच-सात महिने. हिशेब आम्हालाही येतो! माझ्या दोन खोल्या पोफळींच्याच जागेवर उभ्या आहेत. परवा एकाने बुकिंग रद्द केलं, कारण माझ्याकडे स्विमिंग पूल नाही. समुद्र पाच मिनिटांवर आहे म्हटलं, तर म्हणाला, “त्यात वाळू असते.”

जुलैतला पाहुणा मात्र खास. त्याला ताजी सुरमईच हवी. सांगितलं, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, हा माशांच्या विणीचा काळ, होड्या वर ओढून शाकारल्यात. नारळी पौर्णिमा होऊ द्या. तो म्हणाला, “काहीतरी मॅनेज करा ना, पैशाचं बघू.” आता माशांच्या बाळंतपणात मी काय मॅनेज करणार?

शेवटी बायकोने फळीवरून आगोटीचा डबा काढला. मे महिन्यात अंगणात वाळवलेले सोडे, वांगं, दोन आमसुलं.

“ताजे आहेत ना?”

“यंदाचेच,” ती म्हणाली.

पाहुण्याने ताट बोटाने पुसलं. निघताना पाव किलो सोडे बांधून मागितले आणि गाडीची काच खाली करून विचारलं, “पुण्यापर्यंत टिकतील ना हो?”