औंदा कोणतं चाललंय?

मे संपत आला की जालन्यातल्या कृषी सेवा केंद्रांच्या काउंटरवर एकच प्रश्न ऐकू येतो. ‘भाऊ, औंदा कोणतं चाललंय?’ माझं रान हलकं आहे, विहिरीला पाणी नाही, मला कपाशीचं कोणतं वाण झेपेल, असं विचारणारा विरळाच. दुकानदार एका पाकिटावर बोट ठेवतो. ‘हेच. चारच राहिलेत. आणि सोबत खत घ्यावं लागेल.’ शेतकरी कनवटीचे पैसे मोजतो आणि चारही घेतो.

यावर शहाणी माणसं म्हणतात, मेंढरं आहेत. हा शेरा ऐकला की संताप येतो. कारण तो चुकीचा आहे, आणि तो मारणारी माणसं स्वतः डॉक्टर, शाळा, मोबाइल सगळं ‘कोणतं चाललंय’ विचारूनच निवडतात.

मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाचा 1935 चा प्रयोग बघा. पूर्ण अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा एक स्थिर ठिपका. अंधारात तो हलल्याचा भास होतो. किती हलला? एकेकट्याला विचारलं तर प्रत्येकाचा अंदाज निराळा. चारचौघांत बसवलं की आकडे एकमेकांकडे सरकत जातात. पुढे पुन्हा एकट्याला विचारलं, तरी तो चौघांचाच आकडा सांगतो. हा बावळटपणा नाही. मोजायला काहीच नसेल, तर शेजाऱ्याचा अंदाज हीच माणसाला सापडणारी माहिती असते.

आमच्या कापूसवाल्याला आपण त्याच खोलीत बसवलंय. बाजारात वाणांची नावं शेकड्यांनी. संकरित बियाणं, म्हणून घरची सरकी पेरायची सोय नाही; दर साल नवं पाकीट. पीक बरं आलं तर ते वाणामुळे, पावसामुळे, की गुलाबी बोंडअळी उशिरा आली म्हणून? एका हंगामात कळणं शक्य नाही. किमतीवरून ओळखावं म्हटलं, तर बीटी कपाशीची कमाल किंमत 2016 पासून केंद्र सरकार ठरवतं. छापील भाव सगळीकडे जवळपास एकच. मग दर्जाची खूण म्हणून उरतं काय? दुकानासमोरची रांग.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी वरंगळच्या कापूस उत्पादकांत हेच नोंदवलं आणि 2007 मध्ये मांडलं. गावंच्या गावं एका वाणावर तुटून पडतात, थोड्या वर्षांत ते सोडून दुसऱ्यावर जातात, आणि त्याचा जमिनीच्या पोताशी काही संबंध लागत नाही.

रांगेवर टंचाईची फोडणी पडते. 1975 मधल्या एका प्रयोगात बरणीत दोनच बिस्किटं ठेवली, तेव्हा ती दहा बिस्किटांच्या बरणीतल्यापेक्षा लोकांना जास्त हवीशी वाटली. बिस्किटं तीच होती. इतरांनी नेल्यामुळे ती कमी पडली असं सांगितल्यावर तर ओढ आणखी वाढली. ‘चारच राहिलेत’ हे वाक्य किती कामाचं आहे, ते काळ्या बाजारात जादा पैसे मोजणाऱ्याला विचारा.

आणि तो रस्त्याकडेचा प्लॉट! भरघोस बोंडं, कंपनीचा फलक, पीक पाहणीचा मंडप. तिथं पाणी किती दिलं, खत किती टाकलं, फलकावर लिहिलेलं नसतं. वाया गेलेल्या रानात तर कुणीच फलक रोवत नाही. डोळ्यांना जिंकलेलंच दिसत राहतं, आणि मन त्यावरून सरासरी काढतं.

हे जालन्यात घडतं, याचं जास्त दुःख आहे. बियाण्यांची राजधानी म्हणवणारं हे शहर. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथंच महिको उभी केली. 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. 2002 मध्ये देशात पहिल्यांदा मंजूर झालेली बीटी वाणं याच कंपनीची. जिथं बियाणं घडतं, तिथल्याच शेतकऱ्याला त्याची तुलना करायला हातात एक कागद मिळू नये?

खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, बदनापूरला कृषी संशोधन केंद्र आहे. हलक्या रानात कोरडवाहू, भारी रानात ओलिताखाली, कोणत्या वाणाला एकरी किती क्विंटल आले, असा तालुकावार तक्ता मे महिन्याच्या आत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला पाहिजे. मंठ्याचा वेगळा, भोकरदनचा वेगळा. पडलेल्या वाणांच्या नावांसकट.

तोवर शेतकऱ्याला स्वतःलाही एक गोष्ट करता येईल. एकाच रानात दोन वाणं शेजारी लावायची, ठरावीक तासं एकाची, तितकीच दुसऱ्याची, खत-पाणी सारखं. वेचणीची मजुरी किलोवर असते, म्हणजे रोजचं वजन वहीत चढतंच. तिथं वाणाचं नाव लिहायला एक रकाना वाढवावा लागेल, इतकंच.