अडीच ते सात : अप-डाऊनवाल्या आईबापांसाठी मार्गदर्शिका

सर्वांत आधी आपण राहतो कुठे, हे ठरवून घ्या. मी कागदोपत्री सालेकसा तालुक्यातल्या एका गावी, मी शिकवते त्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहते. तसा ठराव आहे, त्यावर गोल शिक्का आहे. प्रत्यक्षात मी गोंदियात राहते आणि रोज अप-डाऊन करते. आमचे हे तिरोड्याला जातात, म्हणजे बरोब्बर उलट्या दिशेला. खऱ्या पत्त्यावर राहते ती एकटी आमची आठ वर्षांची लेक. तिची शाळा अडीचला सुटते. आमच्या गाड्या सातच्या आसपास लागतात, त्याही कोळशाच्या मालगाड्यांना आधी वाट करून देऊन. हावडा-मुंबई लाइनवरच्या जंक्शनात घर घेतलं की एवढं सौजन्य दाखवावंच लागतं. मधल्या साडेचार तासांत लेकरू कुठे ठेवायचं, एवढाच आपला विषय.

कायद्याचा अभ्यास करून झोप उडवून घेऊ नका, मी तुमच्या वतीने केला आहे. 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालेल्या योजनेतली अंगणवाडी सहा वर्षांपर्यंत सांभाळते. 1948 च्या कारखाना कायद्याने तीसहून जास्त बायका असतील तिथे पाळणाघर सांगितलं होतं, तेही सहा वर्षांखालच्यांसाठी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळा दिली. म्हणजे सहावा वाढदिवस झाला की शाळेची घंटा वाजेपर्यंत मूल देशाचं भवितव्य असतं, आणि घंटा वाजली की तुमचं.

पहिला पर्याय आजी. हिची निवड लग्न जमवतानाच करायची असते, आता उशीर झाला. आमच्या सासूबाई अर्जुनी मोरगावकडे शेतावर असतात आणि "मी येतो ना बाप्पा, धान निघू दे" असं गेली तीन वर्षं सांगताहेत. दरवर्षी धान निघतं. मग उन्हाळी धान लागतं.

दुसरा पर्याय गल्लीतल्या मावशी. माणूस म्हणून यांच्यासारखं कोणी नाही. आमच्या मावशींनी लेकीला मुरमुरे-फुटाणे, लपाछपी आणि अस्खलित हिंदी दिली. बालाघाट आणि छत्तीसगड दोन्ही उंबऱ्याशी असल्यावर भाषेची वेगळी फी कोण घेणार? पण करार करताना पंचांग नव्हे, पावसाचा अंदाज बघा. जुलैत चांगला पाऊस लागला, पऱ्हे उपटायला आले, की मावशी रोवणीला जातात. सांगून जातात, पण सकाळी सातला सांगतात, तुम्ही एका पायात चप्पल घालून उभ्या असताना. रोवणीची मजुरी आपण महिन्याकाठी देतो त्याच्या हिशोबात बसते का, हे एकदा मांडून पाहिलं आणि वही मिटून टाकली.

म्हणून गोंदियातलं खरं पाळणाघर म्हणजे ट्युशन. पाटीवर पाळणाघर लिहिलं तर लोक विचारतात, आई घरी नसते का? ट्युशन म्हटलं की कोणी काही विचारत नाही. तीन ते चार गणित, चार ते पाच इंग्रजी, पाच ते सहा अ‍ॅबॅकस, मग हस्ताक्षर सुधार. लेकीचं अक्षर दोन वर्षं सुधारतं आहे. परवा तिने त्या सुंदर अक्षरात वहीच्या शेवटच्या पानावर वेळापत्रक काढलं होतं : ट्युशन, ट्युशन, ट्युशन, आई. आईच्या रांगेत वेळेचा रकाना कोरा होता.

जागा बघायला जाल तेव्हा भिंतीवरचा मिकी माउस बघू नका. कूलर बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे त्या दिवसांत साडेचार तासांचे बारा होतात. कूलर पत्र्याचा आहे का, अर्थिंग आहे का, त्यात पाणी कोण भरतं, तेव्हा बटण बंद असतं का, आणि मुलांचा ओला हात तिथवर पोचतो का, हे सगळं विचारा. एका ठिकाणी मी विचारलं तर बाई म्हणाल्या, "मॅडम, आजवर कोणाला करंट लागला नाही." मी चप्पल घातली. पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत. घर लाइनच्या कोणत्या बाजूला आहे, हेही बघा. रेलटोलीकडून पलीकडे पोचेपर्यंत संध्याकाळी आणखी अर्धा तास जातो, आणि सहानंतर बाई मुलांना चपला घालून ओट्यावर बसवून ठेवतात.

सध्या आमचं मिश्र पद्धतीने चाललं आहे : थोडी ट्युशन, थोड्या मावशी आणि गळ्यात किल्ली. काल साडेसहाला ह्यांनी गाडीतून फोन लावला. लेकीनेच उचलला.

"कुठवर आले?"

"गंगाझरी. गाडी उभी आहे."

"मालगाडी गेली का?"

"एक गेली."

"अजून एक आहे बाबा," ती म्हणाली. "मी मावशींना सांगते, माझी पोळी इथेच टाका."