एक मीटर बार्शी लाईट

प्रस्तुत लेखकाने बांधलेल्या रेल्वेची एकूण लांबी एक मीटर आहे. रुंदी तीस सेंटिमीटर. दिवाणाखाली आरामात मावते. सुताराने प्लायवूडचा सांगाडा आणून दिला आणि विचारलं, "साहेब, ही फळी कुठल्या भिंतीला ठोकायची?" त्यावर लेखकाने त्याला मॉड्यूल म्हणजे काय ते सविस्तर सांगितलं. दोन्ही टोकांच्या पाट्या ठरल्या मापाच्या ठेवल्या, भोकं जुळली, की दुसऱ्या कुणाचंही मॉड्यूल बोल्टांनी जोडता येतं आणि गाडी सरळ पुढच्याच्या घरची होते. सुताराने शांतपणे ऐकून घेतलं. "आणि दुसरं कुणी केलंय?"

अजून नाही. पण भोकं पाडून ठेवली आहेत.

हे मॉडेल बार्शी लाईट या जुन्या अरुंद रेल्वेचं. तिच्या दोन रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. एचओ या प्रमाणात, १:८७ ने, भागले की ८.७६ येतात, आणि बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. या पाव मिलिमीटरवर लेखक पाहुण्यांना चहा थंड होईपर्यंत बोलू शकतो. माथेरानची गाडी दोन फुटी. तिला याच प्रमाणात सात मिलिमीटर लागतात आणि बहुतेक हौशी मंडळी नवावरच भागवतात. त्यांच्याविषयी लेखकाच्या मनात अपार करुणा आहे. ती तो त्यांनी न विचारताच व्यक्त करतो.

इथे एव्हरार्ड काल्थ्रॉप यांच्याविषयी दोन शब्द. (दोनच म्हणून लेखक नेहमी सुरुवात करतो.) बार्शी लाईट उभी करणारा हा इंग्रज इंजिनिअर. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी गाडी सुरू झाली; १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. त्यांचा हिशेब असा, की इंजिन असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. मग गजाला तीस पौंडांचे हलके रूळ पुरतात आणि अख्खी लाईन स्वस्तात होते. बरं, माणूस एवढ्यावर थांबला असता तर लेखकही थांबला असता. काल्थ्रॉप अरबी घोडे पाळत आणि घोड्यांवर त्यांनी पुस्तक लिहिलं. शिवाय विमानातून उडी मारायची हवाई छत्री बनवली, नाव 'गार्डियन एंजल'. १९१७ मध्ये ती लावून ऑर्ड-लीझ नावाच्या अधिकाऱ्याने लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्समध्ये उडी घेतली. हे ऑर्ड-लीझ त्याआधी ध्रुवशोधक शॅकल्टनबरोबर अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकून आले होते. आता याचा कुर्डुवाडीशी काय संबंध, असं घरातून विचारलं जातं. संबंध असा, की काल्थ्रॉप यांनी बार्शीचं इंजिन आणि डबे भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून चालवून पाहिले. आधी चाचणी, मग गाडी! लेखक त्याच परंपरेतला आहे, एवढंच सुचवायचं होतं.

आपली चाचणी दिवाणावर झाली. जमीन सोलापूरचीच हवी म्हणून तिकडची काळी माती आणून चाळली होती. ती पसरण्याआधी लोहचुंबक फिरवावा लागतो. दख्खनच्या मातीत लोहकण असतात आणि मोटरीतला चुंबक ते ओढून घेतो. मग पाणी घातलेलं फेविकॉल, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे ते मातीत मुरतं. इंजिनाची टाकी-बॉयलर घरची, खालची चाकं-मोटर जपानी, त्याच ९ मिलिमीटर रुळांवर चालणाऱ्या एन-गेजच्या तयार गाडीची.

मॉडेल रेल्वेची खरी परीक्षा वेगात नसते, संथपणात असते. ताशी वीस किलोमीटर धरला, तर १:८७ ला सेकंदाला ६.४ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे एक मीटर पार करायला सोळा सेकंद. गाडी रूळ बदलते त्या सांध्याच्या मधोमध प्लॅस्टिकचा तुकडा असतो, तिथे वीज नाही. पुढच्या-मागच्या चाकांत कमी अंतर असलेलं इंजिन नेमकं त्यावर गप्प बसतं. मग रूळ स्पिरिटने पुसायचे, डबे उलटे ढकलून पाहायचे, आणि कुणी बघत नसताना बोटाने हलकेच टोचायचं. लेखकाच्या भाच्याने पहिली यशस्वी फेरी पाहिली आणि विचारलं, "मामा, हिला फास्ट मोड नाही का?"

वडिलांनी मात्र चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. ते लहानपणी लेखकाच्या आजीबरोबर याच गाडीने आषाढीला जात. लेखक त्यांना ८.७६ सांगणार, तेवढ्यात ते म्हणाले, "अरे, पण माणसं कुठायत?"

खरंच नव्हती. या गाडीविषयी लेखकाने जमवलेल्या कागदांत इंजिनांचे क्रमांक आहेत, चाकांची मांडणी आहे, लीड्सच्या किटसन कारखान्याचं नाव आहे. टपावर बसून पंढरपूरला गेलेल्या बाईचं नाव त्यात कुठे नाही. या लाईनचे रूळ पुढे रुंद झाले, ते योग्यच झालं; थेट गाड्या आल्या, लोकांची सोय झाली. पण छंदवाल्यांना (लेखक धरून) रिव्हेट मोजता येतात आणि प्रवासी दिसत नाहीत, याचा त्या दिवशी लेखकाला राग आला. आजी त्या गाडीत खिडकीशी बसायची की दाराशी, हेही त्याने कधी विचारलं नव्हतं. वडिलांना विचारलं. म्हणाले, "बसायला कुठे मिळायचं!"

१:८७ चा माणूस वीस मिलिमीटरला थोडा कमी भरतो. परदेशी डबीत मिळतात ते सगळे कोट-हॅटवाले. त्यांच्या हॅटी कापून पागोटी करणं, टिश्यू पेपरची नऊवारी नेसवणं सध्या चालू आहे. निम्मा डबा भरला आहे.

तेव्हा वाचकांना विनंती: बार्शी लाईटच्या डब्याचा आतला फोटो कुणाच्या घरी असेल, तर जपून ठेवा आणि कळवा. वऱ्हाडाचा चालेल, वारीचा चालेल, हललेलाही चालेल. इंजिन दिसलं नाही तरी हरकत नाही.