म म्हणजे कोण?

माझ्या डाव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, एक हिरवट 'म' आहे. पुढे काही नाही. ना काना, ना मात्रा, ना दुसरं अक्षर. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण 'म म्हणजे कोण?' हा खटला आमच्या घरात अजून निकाली निघालेला नाही. माझं नाव 'म'पासूनच सुरू होतं, हा खुलासा मी पहिल्याच आठवड्यात केला होता. त्यावर बायको म्हणाली, "सोताचं नाव कोनी सोताच्या हातावर लिहिते का? विसरून जाता का काय?" तिथेच माझी बाजू लंगडी पडली. त्यातच आमच्या वर्गात एक मंदा आणि दोन माया होत्या, ही माहिती तिच्या मावसभावाने आपण होऊन पुरवली.

खरी हकीकत एवढीच. लाखांदूर तालुक्यातलं आमचं गाव. भाऊबीज आटोपली की आमच्या झाडीपट्टीत मंडया भरू लागतात, आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा दंडार, रात्रभर नाटक. मधल्या वेळात जिलेबी, बांगड्या, फुगे आणि लग्नाच्या पोरापोरींची चौकशी. मी तिसरीत होतो. बांगडीवाल्याच्या बाजूला पोतं टाकून एक गोंदणारीण बसली होती. अक्षराला चार आणे. माझं नाव तीन अक्षरी आणि खिशात बारा आणे, हिशेब असा जमला होता की माघार घ्यायला जागाच नव्हती. बाईला वाचता येत नव्हतं. मी काडीने हातावर अक्षर काढायचं आणि तिने त्यावरून सुया चालवायच्या, असं ठरलं. तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, करवंटीत दिव्याची काजळी कालवलेली. तिने टोचायला सुरुवात केली आणि तोंडाने माझ्या मामाच्या गावची विचारपूस. 'म' पुरा होईपर्यंत मी मामाचं गाव विसरलो होतो. तिने वरून हळद-तेल चोळलं, 'आता दुसरं काढ गा' म्हणाली, आणि मी जो पळालो तो थेट घरी. उरलेले आठ आणे परत मागायचंही भान राहिलं नाही. आजच्या भावात ती रक्कम किरकोळ आहे, पण तिच्यामुळे पुढे जे ऐकून घ्यावं लागलं त्याचा हिशेब कोणी केलेला नाही.

माय मात्र मला रागावली नाही. तिने हात पाहिला आणि म्हणाली, "येवढंच? मंग गेला कायले होता?" तिला बोलायचा अधिकार होता. तिचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत भरलेले होते. तुळस, सीतेची रसोई, विंचू, ठिपक्यांच्या ओळी, आणि उजव्या हातावर आमच्या बाबांचं नाव. त्या काळी बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. रेशनच्या दुकानात, शिरगणतीला, शाळेत नाव घालताना कोणी विचारलं, 'नवऱ्याचं नाव?' की माय हात पुढे करायची. कारकून चष्मा वर-खाली करत तिच्या हातावरून नाव उतरवून घ्यायचा. एकदा एका कारकुनाने ठिपक्यांसकट वाचलं आणि सहा महिने आमच्या बाबांच्या नावावर एक जास्तीचा अनुस्वार फिरत राहिला. उखाणा न घेता नाव सांगायची ती सोय होती.

गोंदण का करायचं, याचंही मायजवळ उत्तर होतं. मेल्यावर अंगावरचं सोनं-नाणं लेकी-सुना काढून घेतात, गोंदण तेवढं सोबत जाते. आमच्याकडे सोनं एवढं कमी होतं की ही सोय फारच दूरदृष्टीची वाटायची. कारण काहीही असो, टिकाऊपणात खोट नाही. सुई वरची कातडी ओलांडून खालच्या थरात काजळी नेऊन ठेवते. वरची कातडी महिना-दीड महिन्यात झडून नवी येते, पण खालची एकदा घेतलेलं सोडत नाही. आमच्या गावातल्या उधारीच्या वह्यांना ही कला साधली असती तर सावकार वेडे झाले असते.

पुढे मास्तर झाल्यावर मी वाचू लागलो. तेव्हा कळलं की आमच्या बायांच्या हातांची दखल सरकारनेसुद्धा घेतली होती. भंडारा तेव्हा मध्यप्रांतात. रसेल नावाचे साहेब आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातल्या जातीजमातींवर चार जाडजूड खंड काढले. गोंडांचं गोंदण, ते काढणाऱ्या ओझा बायका, सगळं त्यात आहे, अगदी कीटकाला टाचणी लावून ठेवावं तसं. गंमत अशी, की ज्या बादशहाच्या राज्यात हे खंड छापले गेले त्या पंचम जॉर्जच्या हातावर ड्रॅगन होता. राजपुत्र असताना, वयाच्या सोळाव्या वर्षी, १८८१ मध्ये जपानच्या सफरीत तो काढून घेतलेला. म्हणजे राजाच्या हातावर ड्रॅगन आणि रयतेच्या हातावर विंचू. पण विंचवाची नोंद 'चालीरीती'त झाली. ड्रॅगनवर कोट होता.

कोटाचं महत्त्व मला नोकरीत समजलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालो त्या दिवशी हेडमास्तरांची नजर आधी माझ्या हातावर गेली, मग चेहऱ्यावर आली. मधल्या प्रवासात माझं चारित्र्य बरंच खाली उतरलं होतं. तेव्हापासून पस्तीस वर्षं मी पूर्ण बाह्यांचे सदरे घातले. भंडाऱ्याचा मे महिना ज्यांनी पाहिलाय त्यांना या तपश्चर्येची कल्पना येईल. सरकारी कागद मात्र माणसांपेक्षा उदार निघाला. सेवापुस्तकात 'ओळखीच्या खुणा' असा रकाना असतो. तिथे बाकीच्यांनी तीळ नि जखमांचे व्रण लिहिले, मी लिहिलं, 'डाव्या हातावर म'. साहेबांनी खाली सही ठोकली. महाराष्ट्र शासनाने जे बिनतक्रार मान्य केलं ते आमच्या घरी अजून मान्य झालेलं नाही.

हे सगळं आज सांगायचं कारण माझी भाची. नागपूरला शिकते. दिवाळीत घरी आली ती खांद्यावर सारस पक्षी घेऊन. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः आमच्या या गोंदिया-भंडाऱ्याकडच्या धानाच्या बांध्यांतच दिसतो, तोही मोजकाच. त्यामुळे पक्षीमित्रांना आनंद व्हायला हवा होता, की एक वाढला. पण आमच्या धाकट्या बहिणीचा, तिच्या आईचा, फोन आला तो रडतच. "दादा, पोरगी हातची गेली." मी घाबरून विचारलं, काय झालं? तर म्हणे, टॅटू. मला हायसं वाटलं, पण तसं बोलून दाखवायची सोय नव्हती. "तू मोठा मामा, मास्तर होता. तूच येऊन समजाव," असं फर्मान निघालं. पाहुणे पोरगी पाहायला आले तर काय म्हणतील, ही मुख्य चिंता. वास्तविक पाहुणे आले तर पोहे खाऊन जातील, पोरीचा खांदा पाहायची रीत आमच्याकडे नाही.

या धाकटीची स्वतःची गोष्ट निराळीच. तिच्या हनुवटीवर एक ठिपका आहे, लहानपणी मायनेच काढून घेतलेला. लग्न होऊन भंडारा शहरात गेली तर सासरच्यांनी 'खेड्यातली' म्हणून नाक मुरडलं. तेव्हापासून त्या ठिपक्यावर रोज सकाळी पावडरचा थर बसतो. हनुवटीवर ठिपका म्हणजे अडाणी आणि खांद्यावर सारस म्हणजे अतिशहाणी. या दोहोंच्या मधे कोरी कातडी घेऊन बसलेल्या माणसाला सभ्य म्हणतात. शांता शेळक्यांनी कवितासंग्रहाला 'गोंदण' नाव दिलं तर शब्द किती मऊ, किती आपला वाटतो. तेच काम नागपुरात दुकानात बसून केलं की त्याला टॅटू म्हणायचं आणि भुवई वर करायची. बिचाऱ्या 'टॅटू'ची तरी कुठे चूक? तो ताहितीकडचा 'तताऊ', कॅप्टन कुकच्या १७६९ च्या सफरीतून इंग्रजीत शिरलेला. तोही कुणाच्या तरी मायच्या हातावरचाच.

आमच्या शेजारच्या पोराने तर मला याविषयी एक नवीनच नजर दिली. पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या भरतीच्या पोरांपैकी तो एक. सैन्याचा नियम त्याला तोंडपाठ. गोंदण चालतं ते कोपरापासून मनगटापर्यंत, हाताच्या आतल्या बाजूला, नाहीतर तळहाताच्या मागे. आदिवासी उमेदवाराच्या परंपरेच्या गोंदणाला सूट. याने मनगटाजवळ आतल्या बाजूला 'आई' लिहिलं होतं, याच्या दोस्ताने दंडावर नांगी उगारलेला विंचू काढला होता. आई पास, विंचू नापास. दोस्त आता म्हणतो, विंचू चार बोटं खाली उतरला असता तर मी आज सीमेवर असतो. काय काढलंय यापेक्षा कुठे काढलंय याला एवढा स्वच्छ भाव मी पहिल्यांदाच पाहिला. आपण मात्र हात पाहतच नाही, कुणाचा हात ते पाहतो. आमचे जावईबुवा, म्हणजे धाकटीचे यजमान, टीव्हीपुढे बसून विराट कोहलीच्या प्रत्येक चौकाराला टाळ्या वाजवतात. त्या चौकार मारणाऱ्या हातांवर मोकळी जागा शोधावी लागते. पण ते हात 'आपल्या विराटचे'.

तर ठरल्या दिवशी बैठक भरली. जावईबुवा, धाकटी, मी, माझी बायको, भिंतीला टेकून माय आणि मधे आरोपी. मी पूर्ण बाह्यांचा सदरा घालून गेलो होतो. घसा साफ केला, 'बघ बेटा' एवढं म्हटलं, तेवढ्यात माय म्हणाली, "थांब गा. आधी पाहू तर दे."

भाची मायजवळ सरकली. मायने चष्मा लावला, खांदा उजेडाकडे फिरवला. सोनार जसा पाटली पारखतो तसा पारखला.

"हा बगळा काऊन काढला वं?"

"आजी, सारस आहे तो."

"सारस? मंग पाय आखूड झाले. कोनं काढलं?"

"मशीननं."

"मशीननं?" माय थोडी विचारात पडली. तिला काय सांगायचं की ही मशीनसुद्धा तिच्यापेक्षा म्हातारी आहे. न्यूयॉर्कच्या ओरायलीने १८९१ मध्येच एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून ती बनवून पेटंट घेतलं होतं. "मंग हात-पाय कोनं धरले?"

"कोणी नाही."

"कोनीच नाई? न धरता बसून रायली तू?" मायच्या आवाजात पहिल्यांदा आदर आला. "मले चौघीनं धरलं होतं. एक तं छातीवर बसली होती. किती घेतले?"

"तीन हजार."

"तीन हजार! पायलीभर धानात माहे दोन्ही हात झाले. तेवढ्यात तं अख्खं गाव गोंदून झालं असतं." मग पुन्हा खांद्याकडे पाहत, "पन सारस एकटा कसा? सारस तं जोडीनं रायते."

भाची शांतपणे म्हणाली, "बाजूला जागा सोडली आहे."

जावईबुवांचा चहा बशीत सांडला. धाकटीने पदर तोंडाला लावला. "पाह्य दादा, पाह्य! कोनाले इचारलं नाई, पुसलं नाई, आन आता जागा सोडून रायली!"

माय चष्मा पुसत होती. म्हणाली, "मले गोंदलं तवा सासूनं ठरवलं, जावांनं धरलं, गोंदनारनीनं टोचलं. मले कोनी इचारलं नाई. तवा कोनाले काई वाटलं नाई. हिनं कोनाले इचारलं नाई, तं साऱ्याइले दुखून रायलं."

कोणी बोललं नाही. धाकटीचा हात नकळत हनुवटीकडे गेला, बोटाला पावडर लागली, ती तिने पदराला पुसली. मी पस्तीस वर्षं पोरांना बेरीज शिकवली, पण ही साधी वजाबाकी मला जमली नव्हती. शाई तीच, कातडी तीच. फक्त ठरवणारा बदलला आणि आम्ही सगळे बैठकीला बसलो.

समजावण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. उकडतही फार होतं. मी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. भाचीने माझा हात पकडला. "मामा, हे काय? एकच अक्षर? अर्धवट का ठेवलं? नागपूरला चला, उरलेली दोन अक्षरं पाच मिनिटांत होतात. माझ्याकडून." पंचावन्न वर्षांपूर्वी गोंदणारणीकडे राहिलेले आठ आणे असे वसूल होतील असं मला वाटलं नव्हतं. मी आशेने बायकोकडे पाहिलं.

ती सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "करा ना पुरं. पन आधी सांगा, म म्हंजे कोन?"